थोरला लंगडत नाही

थोरल्याला भूतकाळ नव्हता आणि त्यावाचून त्याचं आजवर काही अडलं नव्हतं. आठ चित्रपट झाले. प्रत्येकात तो समुद्रातून वर यायचा, शहर तुडवायचा, विजेच्या तारा अंगाखांद्यावर घेऊन डरकाळ्या फोडायचा आणि शेवटी आला तसा पाण्यात निघून जायचा. कुठून आला, कशाला आला, हे विचारायची कुणाला गरज भासली नव्हती. वीस मजली जनावर दारात उभं राहिलं की माणूस पळत सुटतो, त्याच्या कुळाची चौकशी करत बसत नाही. पण आता नववा चित्रपट निघाला होता. कंपनी नवी, मालकीण नवी, आणि या वेळी थोरल्याला पूर्वेतिहास हवाच, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. साधासुधा नाही, प्राचीन हवा. माणसाच्याही आधीचा.

हे लचांड लेखिकेच्या गळ्यात पडलं होतं. पडलं म्हणजे तिनंच ते ओढून घेतलं होतं, त्यामुळे कुणाच्या नावानं बोटं मोडायचीही सोय नव्हती. महिना होत आला, ती रोज सकाळी कंपनीच्या त्या लांबलचक टेबलापाशी जाऊन बसत होती आणि रोज संध्याकाळी डोकं धरून बाहेर पडत होती.

टेबलाभोवती तिघं असायची. दिग्दर्शक पोरगेला होता आणि त्याला सगळंच माहीत होतं. थोरला म्हणजे एका बुडालेल्या संस्कृतीनं घडवलेलं शस्त्र, असं त्याचं म्हणणं. निर्मातीला, म्हणजे मोठ्या बाईंना, थोरल्याचं पिल्लू मेलेलं हवं होतं. ‘‘पिल्लू मारा,’’ त्या चहात बिस्किट बुडवत म्हणायच्या, ‘‘पिल्लू मेलं की लोक रडतात.’’ आणि तिसरा खेळण्यांच्या कंपनीचा माणूस. त्याला चित्रपटातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तो रोज एकदा तरी म्हणायचा, ‘‘अंडं ठेवा. कसंही करा, पण अंडं ठेवा. अंडं खपतं.’’ सोमवारी शस्त्र, मंगळवारी पिल्लू, बुधवारी शस्त्राचं अंडं. एक ना धड, भाराभर चिंध्या. लेखिका लिहायची, हे खोडायचे, ती परत लिहायची, आणि खोडलेलं सगळ्यांना आवडायला लागायचं.

बरं, हे सगळं जमवलं असतं तिनं. पन्नाशी ओलांडलेली बाई होती, अशा टेबलांवर बसूनच केस पिकवले होते. खरी गोम होती ती थोरल्याच्या पायाची.

थोरला डावा पाय सरळ टाकत नाही. तो पाय उचलतो, थोडा वेळ हवेत धरून ठेवतो, मग बाहेरच्या अंगाला वळवून बाजूला टेकवतो आणि सगळं धूड त्या बाजूला कलतं. बस, एवढंच. पण या चालीवर दोन पिढ्या पोसल्या होत्या. घरोघरी पोरं खुर्च्यांवर उशा रचायची आणि तसा पाय टाकत त्या पाडायची. लोक त्याला लाडानं लंगडा म्हणायचे. खेळण्यातल्या थोरल्याचाही पाय वाकडाच असायचा. आणि एवढं सगळं असून सहाव्या चित्रपटापासून हा पाय आपोआप बरा होतो. शेवटच्या तिन्ही चित्रपटांत थोरला सरळ, धपाधप चालतो आणि वाटेत येईल ते चिरडतो. का, ते कुठेच नाही. चाहत्यांनी इंटरनेटवर त्यावरून एकमेकांची उणीदुणी काढली होती, मैत्र्या तोडल्या होत्या, आणि आता सगळे नव्या चित्रपटाकडे डोळे लावून बसले होते.

मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. ‘‘पूर्वेतिहासात त्या चालीला कारण मिळालं तर आपण ती चाल ठेवू आणि ज्याची ती आहे त्यालाच चालायला बोलावू. कारण नाही मिळालं तर थोरला सरळ चालेल. तसं चालून दाखवायला आपला नर्तक आहेच, संगणक त्याचीच चाल उचलेल.’’

आणि ज्याची ती चाल होती, तो माणूस म्हणजे लेखिकेचे वडील.

थोरला तेव्हा संगणकात नव्हता. तो रबराचा होता, जाडजूड, आतून घामानं चिकट, आणि आठही चित्रपटांत त्याच्या पोटात बाबा होते. आई त्याच स्टुडिओत काम करायची. पुठ्ठ्याची, लाकडाची, प्लास्टरची गुडघ्याएवढी घरं करायची, खिडक्यांना पडदेसुद्धा लावायची. आईनं शहर बांधायचं आणि बाबांनी तुडवायचं, असा त्यांचा संसार. लेखिका शाळेत असतानाच आई गेली. पुढे संगणक आले, रबर गोदामात गेलं आणि बाबा घरी आले. सगळ्या जगानं त्यांना पाहिलं होतं आणि शेजारच्या बिऱ्हाडालाही ते ठाऊक नव्हतं, कारण चेहरा कधी पडद्यावर आलाच नाही. आता ते ऐंशीला टेकले होते. नवव्या चित्रपटाची बातमी ऐकली त्या दिवशी त्यांनी टीव्ही बंद केला आणि लेकीला सरळ सांगितलं, ‘‘मला एकदा परत थोरला व्हायचंय. एकदाच. मग काय व्हायचं ते होऊ दे.’’ आयुष्यात या माणसानं कुणाकडे कधी काही मागितलं नव्हतं. म्हणून तर तिनं हे काम ओढून घेतलं होतं.

एवढं सगळं कुणासाठी चाललंय, तर यांच्यासाठी. आणि सगळ्यात जास्त खोडा कोण घालत होतं, तर हेच.

त्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बाबा जिन्यात होते. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये कठड्याला धरून उभे, तोंड लालबुंद, खांद्यावर नॅपकिन.

‘‘लिफ्ट बंद आहे का?’’

‘‘चालू आहे. पाय बंद पडू नयेत म्हणून जिना.’’

‘‘डॉक्टरांनी काय सांगितलंय?’’

‘‘डॉक्टरांना थोरला व्हायचं नाहीये.’’

तिनं त्यांना दंडाला धरून वर आणलं, खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि चपला काढायच्या आधीच आजचं लिहिलेलं वाचून दाखवलं. माणसाच्याही आधी समुद्राकाठी राक्षसी जमात राहत होती. त्यांनी थोरल्याच्या पायात भाला मारला. भाल्याचं टोक अजून आत आहे.

‘‘कशाला मारला?’’ बाबांनी विचारलं.

‘‘शिकार करायला.’’

‘‘एवढं जनावर मारून ठेवणार कुठे?’’

‘‘बाबा.’’

‘‘नाही, विचारतोय. घरात मावायला नको का?’’

‘‘बरं, भाला नको. लढाई ठेवू. दुसऱ्या एका जनावरानं पाय चावला.’’

‘‘थोरल्याला चावणारं कोण जन्माला आलंय?’’ बाबांना हे भलतंच मनाला लागलं. आठ चित्रपटांत त्यांनी पाच जनावरं, एक यंत्र आणि दोन पिसाळलेल्या वनस्पती लोळवल्या होत्या.

लेखिकेनं कागद टेबलावर आपटले. ‘‘मग तुम्हीच सांगा. तुम्हीच चाललात ना तसे? थोरला का लंगडतो?’’

‘‘तो लंगडत नाही.’’

‘‘अख्खं जग बघतंय तो लंगडतो.’’

‘‘जगाला कमी दिसतं.’’

पालथ्या घड्यावर पाणी. महिनाभर हेच चाललं होतं. का लंगडतो, तर लंगडत नाही. मग पाय वाकडा का टाकतो, तर टाकावा लागतो. का टाकावा लागतो, तर तू जेवलीस का. तिला कधी कधी वाटायचं, उठावं आणि स्वतःच समुद्रात निघून जावं.

‘‘हे बघा,’’ ती समोर बसून म्हणाली, ‘‘उद्या त्यांनी तुम्हाला बोलावलंय. उद्या ठरणार आहे. मी जखमेचं सांगेन. तुम्ही काही बोलायचं नाही, नुसती मान हलवायची. तुमचंच काम आहे हे बाबा, माझं नाही. हे हातचं गेलं तर तो नर्तक चालेल आणि तुम्ही घरी बसून बघाल. कळतंय का?’’

‘‘हलवतो की मान,’’ बाबा म्हणाले. ‘‘होची हलवायची की नाहीची?’’

दुसऱ्या दिवशी बाबा कडक इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी घोटून टेबलापाशी बसले. मोठ्या बाईंनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि आपण लहानपणी थोरल्याला किती घाबरायचो ते सांगितलं. खेळणीवाल्यानं स्वतःच्या मुलासाठी सही मागितली. बाबा सुखावले. लेखिकेला वाटलं, चला, गंगेत घोडं न्हालं. तेवढ्यात दिग्दर्शक पुढे वाकला.

‘‘काका, त्या लंगडण्यामागे एक नट म्हणून तुमचा विचार काय होता?’’

‘‘थोरला लंगडत नाही,’’ बाबा म्हणाले.

तिनं टेबलाखालून लाथ मारली. ती खेळणीवाल्याला लागली. त्यानं पाय मागे घेतला आणि तिच्याकडे असं पाहिलं की तिला धरणी दुभंगली तर बरं असं झालं.

पुढचं सगळं ती एका दमात बोलली. बाबांना म्हणायचंय की थोरला लंगडतोय हे थोरल्याला कबूल नाही, तो मानी आहे. माणसाच्याही आधीची जखम आहे ती, दोन खंड एकमेकांवर आदळले तेव्हा त्यात त्याचा पाय सापडला. म्हणून तो जमिनीवर रागावलाय. आणि पाचव्या चित्रपटानंतर तो समुद्राच्या तळाशी एका प्राचीन उष्ण झऱ्यात बसून राहिला, म्हणून सहाव्यात पाय बरा होतो. पण झरा आटलाय. म्हणून नवव्यात तो परत लंगडतोय. झऱ्याचं तिलाच तिथल्या तिथे सुचलं होतं आणि बोलताना तिला स्वतःचीच लाज वाटत होती.

‘‘खंड,’’ दिग्दर्शक म्हणाला, ‘‘खंड मला आवडले.’’ मोठ्या बाईंनी डोळे मिटून मान डोलावली. खेळणीवाला पोटरी चोळत म्हणाला, ‘‘त्या झऱ्यात अंडं ठेवता येईल?’’

‘‘येईल,’’ लेखिका म्हणाली. त्या घटकेला त्यानं हत्ती मागितला असता तरी तिनं ठेवला असता.

झालं. ठरलं. बाबांची चाल राहणार आणि बाबाच चालणार. दोघं जिना उतरायला लागली. आता तरी हा माणूस चार बरे शब्द बोलेल असं वाटून तिनं त्यांच्याकडे पाहिलं.

‘‘झरा?’’ बाबा म्हणाले. ‘‘म्हणजे थोरला काय आंघोळीला गेला होता?’’

ती त्यांना मागे सोडून पुढे निघून गेली.

चित्रीकरणाची जागा म्हणजे एक प्रचंड रिकामी शेड होती. वर दिवे, चारही भिंतींवर कॅमेरे आणि खाली गुळगुळीत सिमेंट. शहर नाही, समुद्र नाही, रबर तर नाहीच. बाबांना अंगाला घट्ट बसणारा काळा पोशाख घातला आणि त्यावर पांढरे ठिपके चिकटवले. कॅमेरे हे ठिपके टिपणार, आणि पुढे संगणकातला थोरला तसाच्या तसा चालणार. त्या पोशाखात बाबांचं सुटलेलं पोट आणि काटकुळे पाय दिसत होते. पण उभे राहिले ते असे, की शेडमधली माणसं आपोआप दोन पावलं मागे सरकली. लेखिकेला भरून आलं. महिनाभराचा ताप एका क्षणात वसूल झाला असं तिला वाटलं.

‘‘चला, काका,’’ दिग्दर्शक म्हणाला.

बाबा चालले. सरळ. भाजी आणायला निघाल्यासारखे.

‘‘छान. आता लंगडत.’’

बाबा परत टोकाला गेले आणि परत आले. सरळच. दिग्दर्शकानं त्यांना जुन्या चित्रपटातला तुकडा दाखवला. बाबांनी तो नीट पाहिला, मान हलवली, आणि तिसऱ्यांदा तसेच चालत आले. डावा पाय वळवायचा त्यांनी प्रयत्न केला तेव्हा तोल जाऊन ते भिंतीला धरत कसेबसे सावरले.

लेखिकेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तरातरा त्यांच्यापाशी गेली आणि दबक्या आवाजात म्हणाली, ‘‘मुद्दाम करताय का? लंगडत नाही, लंगडत नाही, हे इथेही दाखवायचं होतं का तुम्हाला?’’

‘‘अगं, येत नाहीये,’’ बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. थट्टा नव्हती, हेका नव्हता. ‘‘खरंच येत नाहीये गं मला.’’

तिनं वडिलांना असं कधी पाहिलं नव्हतं.

दिग्दर्शकानं नर्तकाला बोलावलं. सडसडीत, तरणाबांड मुलगा. त्यानं एकदा तुकडा पाहिला आणि चालून दाखवलं. पाय उचलला, हवेत धरला, वळवला, बाजूला टेकवला. हुबेहूब. शेडमधल्या चारदोन माणसांनी टाळ्याही वाजवल्या.

बाबा भिंतीला टेकून बघत होते. ‘‘हा लंगडतोय,’’ ते म्हणाले.

‘‘लंगडायचंच आहे, काका.’’

‘‘आणि जमीनही बरोबर नाही.’’

‘‘नाचता येईना अंगण वाकडं,’’ दिग्दर्शक नर्तकाला पुटपुटला. पुटपुटला म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल इतपतच. मग तो मोठ्या बाईंकडे वळला आणि म्हणाला, दुपारपर्यंतच जागा आपल्याकडे आहे, वेळ दवडण्यात अर्थ नाही, नर्तकालाच ठिपके लावू. मोठ्या बाईंनी लेखिकेकडे बघायचं टाळलं आणि मान हलवली. होची.

बाबा खाली वाकून मनगटावरचा एक ठिपका काढायला लागले. तो निघत नव्हता. नखानं खरवडत राहिले.

ते तिला बघवेना. वडिलांचा राग, दिग्दर्शकाचा राग, स्वतःचा राग, सगळा एक झाला आणि ती जवळपास ओरडलीच, ‘‘काय बरोबर नाही त्या जमिनीत? एकदा नीट सांगाल का बाबा, काय बरोबर नाही?’’

‘‘खाली कुणी नाहीये,’’ बाबा म्हणाले.

लेखिका वळून जमिनीकडे बघायला लागली.

‘‘कोण हवं खाली?’’

‘‘कोण म्हणजे? तुझी आई.’’

मग त्यांनी सांगितलं. ठिपका खरवडता खरवडता, काहीच विशेष नसल्यासारखं. शहर जमिनीवर नसायचं. कमरेएवढ्या उंचीवर तुळया टाकायच्या, तुळयांवर पातळ फळ्या आणि फळ्यांवर घरं. प्रत्येक घराला आतून तार. तार खालून ओढली की घर कोसळायचं. कुठल्या घराची कुठली तार, हे जिनं घरं केली तिलाच माहीत, म्हणून फळ्यांखाली आई. थोरला पुढे सरकेल तशी तीही पाठीवर पडून खालच्या खाली सरकायची, नेहमी पुढच्या घराखाली. आणि वर दोन माणसांच्या वजनाचं रबर घातलेले बाबा. त्यांना थोरल्याच्या गळ्याला पाडलेल्या फटीतून जेमतेम समोरचं दिसायचं, पायाखालचं काहीच नाही. पहिल्याच चित्रपटाच्या तालमीत तिच्या डोक्यावरची फळी तडकली. तिनं खालून मूठ आपटली म्हणून कळलं.

‘‘तेव्हापासून ठरलं. उजवा पाय तुळईवरच चालायचा. मी डावा उचलायचा, तिनं खालून ठोकायचं. रबरात कानाला काही ऐकू येत नाही, पण टेकलेल्या तळव्याला कळतं कुठून ठोकलं ते. मग तिला सोडून पाय वळवायचा आणि बाजूच्या तुळईवर टाकायचा. तेवढ्यात ती तार ओढते. बघणाऱ्याला वाटतं पायानं घर गेलं.’’ बाबांनी मान वर केली. ‘‘आणि ठोकलं नाही तर पाय टेकायचा नाही. काही झालं तरी टेकायचा नाही.’’

‘‘मग सहाव्यापासून सरळ का चालता?’’ दिग्दर्शकानं विचारलं. त्याचा आवाज एकदम शाळेतल्या पोरासारखा झाला होता.

‘‘सहाव्याच्या आधी ती गेली. पुढे तारा गेल्या, बटण दाबलं की घर उडायचं. खाली कुणी नाही.’’ बाबांनी खांदे उडवले. ‘‘सरळ चालायला काय लागतं? पाय टाकायचा.’’

आई घरं करते, एवढंच लेखिकेला माहीत होतं. घरी आल्यावर कामाचं बोलायचं नाही, असा आईचा नियम होता. आता कळलं, का होता. आई रोज बाबांच्या पायाखाली झोपते, हे कळलं असतं तर त्या वेळच्या शाळकरी पोरीला घास गेला नसता.

‘‘हे मला आधी सांगायला काय झालं होतं?’’ ती म्हणाली. तिचा आवाज फुटत होता आणि त्याचाही तिला राग येत होता. ‘‘महिनाभर जीव काढतेय मी. भाले, खंड, झरे. एक शब्द बोलला असतात तर?’’

‘‘तू जखमेचं विचारत होतीस,’’ बाबा म्हणाले. ‘‘जखम कुठे होती?’’

मोठ्या बाईंनी रुमाल काढला. ‘‘हेच,’’ त्या नाक पुसत म्हणाल्या, ‘‘पहिल्या दिवसापासून मी हेच सांगतेय. जमिनीखाली त्याचं कुणीतरी आहे. युगानुयुगं आहे. तो शहर तुडवत नाही, तो तिला चुकवतो. आणि एक दिवस ती खालून ठोकायची थांबते.’’ पहिल्या दिवसापासून त्या पिल्लू मारा म्हणत होत्या, पण लेखिकेला त्या वेळी कुणाचं काही खोडायचं नव्हतं. हाच पूर्वेतिहास होता. तो तिच्या घरातच होता, आणि ती तो समुद्राच्या तळाशी शोधत बसली होती.

‘‘कथा उत्तमच,’’ दिग्दर्शक चाचरत म्हणाला, ‘‘पण चाल? काकांना चाल येत नाहीये. नर्तकाला येते.’’

‘‘फळ्या आणा,’’ लेखिका म्हणाली.

‘‘काय?’’

‘‘मागे जुन्या रंगमंचाचं सामान पडलंय, मी येताना बघितलंय. दोन तुळया, वर फळ्या. पातळ बघून आणा. खाली मी झोपते.’’

‘‘काका तुमच्या अंगावर पडले तर? आपल्या विम्यात हे बसत नाही.’’

‘‘मग तुम्ही डोळे मिटा,’’ मोठ्या बाई त्याला म्हणाल्या, आणि स्वतःच सुतारांना हाका मारायला गेल्या.

फळ्या आल्या. सुतारांनी त्या तुळयांवर टाकल्या, खिळ्यांनी ठोकल्या. लेखिका वाकली, गुडघ्यांनी कटकट आवाज केला, आणि या वयात, नव्या कपड्यांत, ती पाठीवर पडून आत सरकली. खाली सुतारांनी पाडलेला भुसा होता, फळ्यांना कोळिष्टकं होती, कुठल्याशा जुन्या रंगाचा उग्र वास होता. नाकात धूळ गेली आणि दोन शिंका आल्या. काय हे, तिला वाटलं, शिकली सवरली, पन्नास पुस्तकं लिहिली, आणि बापाच्या हट्टापायी उंदरासारखी फळीखाली. आई रोज यायची इथे. डबा, पाणी, घरची कामं उरकून यायची आणि अशी पडायची.

वर पावलं आली. बाबा टोकाला जाऊन उभे राहिले. फळ्या वाकल्या. दोन फळ्यांमधल्या फटीतून उजेडाची रेघ तिच्या तोंडावर पडली होती. ती झाकली गेली, परत उघडी पडली.

‘‘आहेस का गं?’’ वरून आवाज आला.

तिनं ठोकलं.

पाय उचलला गेल्याचं तिला फळीवरून कळलं, कारण फळी एकदम हलकी झाली. मग तिच्या कानापासून वीतभर अंतरावर, तुळईवर, अख्ख्या माणसाचं वजन आलं. तुळई करकरली. तिच्या अंगावर थोडी धूळ पडली, बाकी काही नाही. शेडमध्ये कुणीतरी श्वास ओढला. ती सरकली, परत ठोकलं. परत पाय तिच्यावरून बाजूला गेला आणि तुळईवर उतरला. बाहेरून दिग्दर्शक हळूच म्हणाला, ‘‘हेच, हेच ते.’’ वर थोरला चालत होता.

आणि मग तिला रडू फुटलं. काही कारण नाही, आपोआप. डोळ्यांत धूळ, नाकात धूळ, हुंदका आवरेना. आई गेली त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती. तिनं हाताच्या मुठी डोळ्यांवर दाबून धरल्या आणि ती तशीच पडून राहिली. किती वेळ गेला, तिला कळलं नाही.

कळलं तेव्हा वरची पावलं थांबली होती. ती समोरच्या फटीला डोळा लावून बघायला लागली. बाबा एका पायावर उभे होते. डावा पाय हवेत, गुडघ्यात वाकलेला, आणि ज्या पायावर ते उभे होते तो पोटरीपासून थरथरत होता.

‘‘काका, टेका पाय,’’ दिग्दर्शक म्हणत होता. ‘‘काका, पडाल. कुणीतरी धरा त्यांना.’’

‘‘थांबा,’’ बाबा म्हणाले. ‘‘कुणी जवळ यायचं नाही. तिनं अजून ठोकलं नाही.’’

लेखिकेनं फळीवर मूठ आपटली. पाय बाजूला वळला आणि अलगद तुळईवर उतरला. ती पाठीवर सरकत पुढच्या फळीखाली गेली.